चोरबटण

एका श्रावणात आमच्या गल्लीतनं तीन स्प्लेंडर गेल्या.
पहिली सुकुमार चौगुल्याची, डेअरीसमोरनं,
दूध घालून माघारी वळेस्तोवर.
दुसरी तलाठ्याची.
तिसरी कुणाची ते विचारू नका,
तो अजून म्हणतो, भावानं नेली असेल.

बुलेटला हात लावत नाहीत म्हणे. ती ओरडते.
स्प्लेंडर गरीब. कुलूप झिजलं
की परक्या किल्लीलाही हो म्हणते.
आणि रंग काळा, पट्टा जांभळा,
अख्ख्या जिल्ह्यात सख्ख्या बहिणी.
आपली कुठली, ओळखणार कशी?

अण्णा मोटारी भरायचे.
बुधगावात विहिरीवरची मोटार जळाली
की लोक भूपाल मगदूमचं दार वाजवत.
दिवस मावळायच्या आत जेवण उरकून
ते गाडीला झोपवायला जात.
हँडल लॉक.
मग साखळी, म्हशीची. म्हैस विकली, साखळी ठेवली होती.
मग पेट्रोलचा कॉक बंद.
मग प्लगची टोपी उपसून सदऱ्याच्या खिशात.
आई म्हणायची, माझ्या पाटल्यांचं
एवढं कधी केलं न्हाईत.

तरी झोप नाही.
एका रविवारी गाडी उघडून बसले,
भरून उरलेली तांब्याची तार, मोडक्या रेडिओचं बटण,
आणि संध्याकाळी हात पुसत म्हणाले, झालं.
कुठं? सांगितलं नाही.
दोघांना ठाऊक म्हणजे गल्लीला ठाऊक.

चोरखिसा, चोरकप्पा, चोरबटण.
चोरापासून जे लपवायचं
त्यालाच आपण चोर म्हणतो,
हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

माघातली रात्र, सव्वादोन.
अण्णा न्हाणीच्या उंबऱ्याला टेकलेले,
बनियन घामानं चिकटलेलं, डावा हात उजव्यात धरलेला.
अँब्युलन्स कुपवाडला होती. पंचवीस मिनिटं, म्हणाले.
साखळीची किल्ली देव्हाऱ्यामागं सापडली,
टोपी सदऱ्यात. कॉक फिरवला.
किक. किक. किक.
गाडी गप्प.
आमच्याच दारात मी चोर झालो होतो,
चप्पल सटकलेली, नडगी सोललेली.

अण्णांनी बोटानं जवळ बोलावलं.
कान तोंडाशी नेला.
"सीटखाली... डावीकडं... नळीच्या मागं. वर कर."
त्याही वेळी कुजबुजून,
चौगुल्याच्या खिडकीकडं एक डोळा ठेवून.

पहिल्या किकला लागली.
मी, मध्ये अण्णा, मागं आई त्यांना पदरानं बांधून,
माधवनगर, सांगली, मिरज.
प्रत्येक गतिरोधकाला आई "अगं बाई" म्हणायची,
एकदा म्हणाली नाही,
तेव्हा मी मागं वळून बघितलं.

दवाखान्याच्या दारात गाडी तशीच टाकली.
ना साखळी, ना लॉक, किल्ली तिथंच लोंबत.
सकाळी आठला आठवलं
आणि पायऱ्या दोन-दोन उतरलो.
उभी होती. तिथं नव्हे, गेटजवळ, तिरकी.
वॉचमन चहा ओतत म्हणाला,
"रातच्याला एकजण किक मारमारून दमला की.
मला वाटलं तुमच्यातलाच कोणतरी."
मी सीटखाली हात घातला.
बटण खाली होतं.
कधी केलं, मला आजही आठवत नाही.
हेल्मेट मात्र गेलं.

तिसऱ्या दिवशी नाकातली नळी निघाली.
"लावलीस कुठं?"
लिंबाखाली.
"आणि ते?"
मी मान हलवली.
त्यांनी माझ्या बोटांकडं बघितलं,
नवीन भरलेली मोटार पहिल्यांदा घुमताना
बघायचे, तसं.

आई खिडकीत संत्रं सोलत होती.
"मला पयल्यापास्नं ठाऊक हाय," म्हणाली,
"झोपेत बोलताय की तुम्ही."